दमलेली आई, विटलेली आई

ऑफिसातून आल्यावर मी पार्किंगमध्ये गाडी लावायचे, हेल्मेट काढायचे आणि वर जायच्याऐवजी गाडीवरच बसून राहायचे. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. वरती दीड वर्षाचा मुलगा वाट बघत असायचा, पहिलीतली मुलगी शाळेची डायरी घेऊन दारात उभी असायची. दोघांवर जीव होता माझा. तरी पाय उचलत नव्हता.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही. मुलीनं चित्र काढून आणलं होतं. हिरव्या खडूनं नारळाचं झाड, लाल कौलांचं घर, दारात आम्ही चौघं. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. "छान आहे हं," म्हणाले. ती तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू बघितलंच नाहीस." मी बघितलं होतं, पण नुसतं डोळ्यांनी. आत काहीच हललं नव्हतं. दमायची मला सवय होती. त्या रात्री झोप उडाली ती या काहीच न वाटण्यामुळे.

या अवस्थेला बर्नआउट, म्हणजे आतून जळून रिकामं होणं, असं नाव आहे, तिचा अभ्यास झालेला आहे आणि त्यातून बाहेर पडता येतं, हे मला खूप उशिरा कळलं. म्हणून हा लेख.

शब्द आला कुठून?

बर्नआउट हा शब्द या अर्थानं मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, 1974 साली. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ते काम करायचे. तिथं सेवाभावानं येणारी माणसं काही महिन्यांनी कशी रिकामी होतात, चिडचिडी होतात, ज्यांच्यासाठी आली त्यांनाच टाळू लागतात, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची मोजपट्टी तयार केली. हे सगळं नोकरीधंद्याबद्दल होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तीही कामाच्या ठिकाणापुरतीच, आणि तो आजार नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

मग आईचं काय? तिचं काम तर नोकरीत मोजलंच जात नाही. बेल्जियममधल्या इसाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या दोन संशोधक बायांनी हा प्रश्न गांभीर्यानं घेतला. पालकांचा बर्नआउट ही वेगळी गोष्ट आहे, नोकरीतल्या बर्नआउटची नुसती सावली नाही, हे त्यांनी दाखवलं आणि 2018 मध्ये त्यासाठी 23 प्रश्नांची चाचणी तयार केली. ती बापांनाही लागू आहे. इथं मी आईबद्दल लिहितेय, कारण आपल्या घरांमध्ये टाकी बहुतेक वेळा तिचीच आटते.

त्या चाचणीत चार गोष्टी पाहतात. त्या चारही आपण मराठीत रोज बोलतो, फक्त एकत्र जोडून कधी पाहत नाही.

पहिली, थकवा. झोपून उठल्यावरही न गेलेला. सकाळी डोळे उघडले की दिवस सुरू व्हायच्या आधीच अंग आंबलेलं असतं. दुसरी म्हणजे "मी अशी नव्हते गं." हे वाक्य मैत्रिणीजवळ किती वेळा बोललं जातं! आधीची आपण आठवते, गोष्टी सांगणारी, हसणारी, आणि आताची आपण परकी वाटते. तिसरी गोष्ट म्हणजे वीट येणं. पुरणपोळीचाही वीट येतो, तसा आईपणाचा येतो. "नको नको झालंय" हे त्याचं रोजचं रूप. आणि चौथी म्हणजे मनानं लांब जाणं. डबा भरला जातो, आंघोळ घातली जाते, अभ्यास होतो, पण सगळं यंत्रासारखं. त्या चित्राच्या वेळी मला जे झालं, ते हे होतं.

यातली नुसती पहिली गोष्ट असेल तर ते दमणं. दमलेली आई दोन रात्री झोपली, चार दिवस माहेरी राहून आली की तिला मुलांची आठवण येते, परत लाड करावेसे वाटतात. विटलेली आई चार दिवसांनी परत येते तेव्हा दार उघडतानाच तिच्या पोटात गोळा येतो. मुलांवरचं प्रेम आटलेलं नसतं. ते पोचवायला लागणारी ताकद संपलेली असते, आणि बाईला मात्र वाटत राहतं की प्रेमच संपलं. या गैरसमजापायी बायका वर्षानुवर्षं कुणाजवळ बोलत नाहीत.

शरीरात हे दिसतं का? दिसतं. ताण आला की शरीर कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते केसांतही साठतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळाजवळच्या तीन सेंटिमीटरांत मागच्या तीन महिन्यांची नोंद सापडते. बेल्जियममधल्या याच गटानं 2020 मध्ये पालकांचे केस तपासले. बर्नआउट असलेल्यांच्या केसांत कॉर्टिसोल इतर पालकांच्या दुपटीच्या आसपास निघालं. "सगळं मनाचे खेळ आहेत" म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

हातांचं काम आणि डोक्याचं काम

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर वेळेचा हिशोब मांडला. घरकाम करणाऱ्यांमध्ये बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, पुरुषाची 97. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, तीच पाहणी पुन्हा झाली. बाईची 289 मिनिटं, पुरुषाची 88. म्हणजे दोघांमधला फरक आधी 202 मिनिटांचा होता, तो 201 झाला. मुलांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही, तिचा हिशोब वेगळा आहे.

आणि हे सगळे दिसणाऱ्या कामाचे आकडे. न दिसणारं काम डोक्यात चालतं. मुलाचा पुढचा डोस कधी आहे. पावसाळी बूट लहान झालेत. गॅसचा नंबर लावायचाय. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या सोमवारी संपतील. शाळेच्या ग्रुपवर रात्री नऊ वाजता निरोप येतो, "उद्या सर्वांनी पिवळे कपडे घालून यावे," आणि ग्रुपमध्ये आई-बाप दोघंही असले तरी कपाटाकडे धावते ती आईच.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंगर यांनी 2019 मध्ये या डोक्यातल्या कामाचे चार भाग पाडून दाखवले: पुढे काय लागेल याचा अंदाज घेणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ठरलेलं झालं का यावर नजर ठेवणं. ठरवायच्या वेळी नवरा-बायको बरेचदा बरोबरीनं असतात. शाळा कुठली घ्यायची यावर दोघं चर्चा करतात. पण पहिला आणि शेवटचा भाग, म्हणजे अंदाज आणि नजर, जास्त करून बाईकडे असतो. हे दोन भाग असे आहेत की त्यांना वेळ ठरलेली नाही. ते रात्री दोनलाही चालू असतात. आकाशात फिरणाऱ्या घारीचं चित्त पिलांपाशी असतं, असं आपण कौतुकानं म्हणतो. त्या घारीला उडायचंही असतं आणि चित्तही तिकडे ठेवायचं असतं, तर ती किती दमत असेल, हे मी आई झाल्यावर पहिल्यांदा मनात आणलं.

"तू सांग ना, मी करतो की." हे वाक्य चांगल्या मनाचे नवरे बोलतात, माझाही बोलायचा. पण सांगण्यासाठी आधी आठवावं लागतं, वेळेवर सांगावं लागतं, मग झालं का ते बघावं लागतं. हातांचं काम त्याच्याकडे गेलं तरी डोक्याचं आपल्याकडेच उरतं.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही"

हे वाक्य ऐकलं नाही अशी आई विरळाच. "आम्ही पाच-पाच पोरं वाढवली." खरं आहे, वाढवली. पण एकटीनं नव्हे. वाड्यात, चाळीत, गावातल्या चौसोपी घरात एक मूल चार कडेवरून फिरायचं. बाळंतीण सव्वा महिना माहेरी असायची, तिला तेल लावायला, शेक द्यायला, डिंकाचे लाडू करून घालायला माणसं होती. दिवाळीला, मे महिन्यात माहेरपण असायचं. लेक सकाळी उशिरापर्यंत झोपली तरी तिची आई तिला उठवत नसे. माहेरपण म्हणजे नुसते लाड नव्हते. थकलेल्या बाईला पुन्हा भरायची ती व्यवस्था होती, आणि ती आपल्या लोकांनी रीतीभातीत बसवून ठेवली होती. आज माझ्या वयाच्या कित्येकींची आई स्वतःच नोकरीत आहे किंवा गुडघ्यांनी बेजार आहे. माहेर नागपूरला, आपण पुण्यात किंवा पार दुबईला. सून नोकरीवर गेली की नातवंडं सांभाळणारी सासू साठीत पुन्हा आई होते, तिचा थकवा आणखी वेगळा.

रोस्काम आणि मिकोलायचाक यांनी जगभरातल्या सहकाऱ्यांना घेऊन 42 देशांतल्या 17 हजारांहून जास्त पालकांचा अभ्यास केला. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या समाजात प्रत्येकानं आपापलं बघायचं असतं, अशा व्यक्तिकेंद्री देशांत बर्नआउट जास्त आढळला. पैसा कमी-जास्त असण्यापेक्षा या गोष्टीचा संबंध जास्त दिसला. आपण एकत्र कुटुंबातून तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो, अपेक्षा मात्र मूल चार कडेवरून फिरायचं त्या घराच्याच ठेवल्या, असं मला तो अभ्यास वाचून वाटलं.

पण जुन्या घरांबद्दल गहिवरून जाण्यातही अर्थ नाही. माझी आजी महिन्यातून दोनतीनदा कपाळाला सुंठेचा लेप लावून, पट्टी आवळून, अंधाऱ्या माजघरात दिवसभर पडून राहायची. "आजीचं डोकं उठलंय, आवाज करू नका," एवढंच आम्हाला सांगितलं जायचं. तिला सहा मुलं होती. बायका तेव्हाही विटत होत्या. दुखतं ते डोकं आहे, एवढंच म्हणायची त्यांना मुभा होती.

हे बर्नआउटच आहे ना?

इथं घाई करू नका. थकवा म्हटला की आपल्याकडे आधी रक्त तपासायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन नऊवर आलेल्या बाईला तुम्ही ध्यानधारणा शिकवून उपयोग नाही, तिला लोह हवंय. थायरॉइड आणि बी-12 हेही बघून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं दुर्मीळ नाही. मला स्वतःला बी-12 ची इंजेक्शनं घ्यावी लागली. त्यानं सगळं सुटलं नाही, पण जिना चढण्याइतकी ताकद आली.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, मन हळवं होणं हे बहुतेकींना होतं आणि आपोआप जातं. दोन आठवड्यांनंतरही गेलं नाही, बाळाकडे बघवत नाही, झोप मिळूनही येत नाही, स्वतःला संपवावंसं वाटतं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, स्तनपान चालू असताना देता येतील अशी औषधंही डॉक्टर सुचवतात. आणि नवी बाळंतीण भ्रमात बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, तर वाट बघायची नाही, दृष्ट काढत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं.

नैराश्य आणि बर्नआउट ओळखायची एक ढोबळ खूण आहे. बर्नआउट त्या भूमिकेला चिकटलेला असतो. ऑफिसात बाई हसते, काम नीट करते, घराच्या वळणावर आली की छाती दडपते. नैराश्य सगळीकडे सोबत येतं, ऑफिसातही, आवडत्या गाण्यातही. पण एक दुसऱ्यात मिसळतं, म्हणून शंका असेल तर निदान डॉक्टरांवर सोडावं.

आणि एक गोष्ट, जी बोलायला सगळ्यात अवघड आहे. बर्नआउट खोल गेला की सगळं सोडून निघून जावंसं वाटतं. मुलांकडे दुर्लक्ष होतं, हात उगारला जातो, ज्या बाईनं आयुष्यात कुणाला मारलं नाही तिचाही. संशोधनात हा संबंध स्पष्ट दिसलाय. त्या क्षणी करायचं ते एवढंच: मुलाला पाळण्यात किंवा सुरक्षित जागी ठेवायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, आणि कुणाला तरी फोन करायचा. मूल पाच मिनिटं रडलं तर त्याला काही होत नाही. कुणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःचं बरंवाईट करायचा विचार मनात आला तरी हाच नंबर.

बाहेर पडताना

पार्लर, शॉपिंग, एक दिवसाची सहल. मैत्रिणी प्रेमानं हेच सुचवतात. सोसायटीच्या टाकीसारखं आहे ते. खालून दिवसभर पाणी जातंय आणि वरून तुम्ही महिन्यातून एकदा बादली ओतताय. बेल्जियमच्या त्या दोघींचा सगळा विचार याच हिशोबावर उभा आहे: ताण वाढवणाऱ्या गोष्टी एका पारड्यात, बळ देणाऱ्या दुसऱ्यात, आणि पहिलं पारडं खूप काळ जड राहिलं की माणूस विटतो. म्हणून आधी खालचा नळ बारीक करायचा.

आमच्याकडे सुरुवात झोपेपासून झाली. आठवड्यातल्या तीन रात्री मुलगा उठला की बाबा उठणार, मी दुसऱ्या खोलीत, दार लावून. पहिल्या दोन रात्री मी जागीच होते, कान तिकडे. तिसऱ्या रात्री सलग सहा तास झोपले. बाकी काहीही करण्याआधी हे करा, कारण झोप नसलेल्या डोक्याला पुढचं काही ठरवताच येत नाही.

मग कामं वाटली नाहीत, खाती वाटली. शाळा हे पूर्ण खातं नवऱ्याकडे गेलं: ग्रुप, डायरी, फी, पिवळे कपडे, पालकसभा, सगळं. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले. पहिल्याच महिन्यात तो चार्टपेपर आणायला विसरला आणि मुलगी तशीच शाळेत गेली. मला आदल्या रात्रीच आठवलं होतं. गप्प बसणं फार जड गेलं, जीव तुटत होता. पण आठवण करून दिली असती तर खातं परत माझ्याकडे आलं असतं. त्यानंतर तो विसरला नाही. आणि मुलीच्या आयुष्यात त्या चार्टपेपरनं काही फरक पडला नाही.

नवऱ्याशी बोलताना भांडणाच्या भरात बोलू नका, ते "तू कधी काही करत नाहीस" वर जातं आणि तिथंच संपतं. मी एका रविवारी सकाळी कागदावर सगळं लिहून त्याच्यापुढे ठेवलं, अगदी "नखं कापणं"पासून. दोन पानं भरली. तो बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "हे सगळं तुझ्या डोक्यात असतं?" सासूबाईंना सांगणं जास्त अवघड होतं. "आई, मला बरं वाटत नाहीये, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय," या भाषेत सांगितलं. ते खोटं नव्हतं, आणि त्यांना ती भाषा कळत होती.

काही गोष्टी सोडूनच द्याव्या लागतात. रोज दोन भाज्या कशाला? पोळ्या केंद्रातून आणल्या तर चालतात. वाढदिवसाच्या परतभेटी स्वतः रंगवायची गरज नसते. सगळं उत्तमच व्हायला हवं हा हट्ट बर्नआउटकडे नेणाऱ्या कारणांपैकी मोठं कारण आहे, आणि हल्ली तो मोबाइलवरचे सजवलेले डबे बघून वाढतो.

इथं एक गोष्ट मला खुपते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आमच्यासह पाच घरं करतात आणि मग स्वतःच्या घरी जाऊन रांधतात. माझा भार हलका झाला तो थोडा त्यांच्या खांद्यावर गेला. 2017 च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची झाली. मावशींच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. निदान पगारी सुट्टी आणि दिवाळीच्या दिवसांत त्यांना त्यांच्या घरी राहू देणं, एवढं आपल्या हातात आहे. एकट्या आयांचं, आणि अपंग किंवा सतत आजारी मुलाच्या आयांचंही असंच. त्यांना "नवऱ्याशी बोला", "थोडं सोडून द्या" हे सल्ले लागूच पडत नाहीत. त्यांना दुसरं माणूस लागतं, आणि ते आजूबाजूच्यांनाच व्हावं लागतं.

मुलीशी तुटलेला धागा मी जास्त काही करून जोडला नाही. रोज रात्री दहा मिनिटं तिच्या शेजारी नुसती पडून राहायचे. अभ्यास विचारायचा नाही, दात घासलेस का विचारायचं नाही. सुरुवातीला काही वाटायचं नाही, तेही मी मान्य केलं. दोनेक महिन्यांनी एका रात्री ती शाळेतल्या मांजराची गोष्ट सांगत होती आणि मी मनापासून हसले. ती गोष्ट थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

कुणाच्या घरी अशी आई दिसली तर तिला "काही मदत हवी का?" विचारू नका. काय हवं ते शोधायचं काम पुन्हा तिच्यावरच येतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी कधी विचारलं नाही. एक दिवस सहा वाजता त्यांनी बेल वाजवली आणि म्हणाल्या, "मी देवळात चाललेय, याला नेते." तेव्हापासून रोज सहाला त्या येत. मुलगा अर्ध्या तासानं परत यायचा, मुठीत घामानं ओले झालेले साखरफुटाणे घेऊन. त्यातले दोन तो माझ्यासाठी ठेवायचा.